मुक्कामाचे माप

न्यू जर्सीतील लेकीच्या घरी एका रविवारी सकाळी, कांदेपोह्यांच्या बशा उचलल्यानंतर, जावयांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून टेबलावर मधोमध ठेवले, आपल्या शिल्लक रजेच्या नऊ दिवसांभोवती पेन्सिलीने एक लांबट वर्तुळ काढले आणि म्हणाले, "बाबा, ऑर्लँडोला किती दिवस राहायचं, ते आज ठरवूनच टाकू." लेकीने पाच दिवस सुचवले, जावयांचा कल संपूर्ण नऊ दिवसांकडे होता, पत्नीने आपल्या गुडघ्यांची अवस्था ध्यानात घेऊन तीन दिवस पुरेत असे सांगितले, सहा वर्षांच्या नातीने शंभर दिवसांची मागणी नोंदवली, आणि तीन वर्षांचा नातू टेबलाखाली आपली आगगाडी चालवीत असल्यामुळे त्याचे मत कोणी विचारलेच नाही. पुढे त्या सहलीत जे काही शिकायला मिळाले, त्याचा मथितार्थ एवढाच की, ज्याला त्या सकाळी कोणी विचारले नाही, त्याच्याच पावलांनी मुक्कामाचा हिशेब करावयास हवा होता.

माझा स्वतःचा अंदाज तर पार चुकीच्या पायावर उभा होता. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले, तेव्हापासून थीम पार्क म्हणजे एका दिवसाचा उद्योग, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांची समजूत झालेली आहे. सकाळी लवकर निघावे, खाडी लाँचने ओलांडावी किंवा बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत बसने जावे, दिवसभर पाळण्यांवर आणि पाण्यात मनसोक्त खेळावे आणि ओल्या कपड्यांची पिशवी सांभाळीत रात्री आपल्याच अंथरुणावर येऊन पडावे, हा आपला परिपाठ. यात थकवा आला तरी तो दुसऱ्या दिवशी घरी उतरतो, त्यामुळे त्याची गणना करण्याचा प्रसंगच येत नाही. परंतु जेथे पाच-सहा रात्री मुक्काम करावयाचा असतो, तेथे आजचा थकवा उद्याच्या दिवसाच्या खात्यावर नावे पडतो, आणि ही बाब कोणत्याही दरपत्रकात नमूद केलेली नसते.

ऑर्लँडोचा प्रवास एका दिवसात का आटोपत नाही, याचे कारण त्या जागेच्या जन्मकथेत आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जमिनीवर, डिस्नीलँड उघडले. लोक येत, दिवसभर रमत आणि संध्याकाळी कुंपणाबाहेर पडत. आणि त्या कुंपणाला लागूनच इतरांची मोटेले आणि दुकाने इतक्या दाटीने उभी राहिली की, आपल्या पाहुण्यांच्या रात्रीवर आपला काहीही अखत्यार नाही, ही खंत वॉल्ट यांच्या मनात राहून गेली. म्हणून १९६४-६५च्या सुमारास त्यांनी फ्लोरिडातील दलदलीच्या मुलखात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, आपले नाव गुप्त ठेवून, सुमारे २७,००० एकर जमीन खरेदी केली. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ते काम त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी तडीस नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड खुले झाले. आज हा परिसर सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचा आहे, म्हणजे दहा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक स्वतंत्र परगणाच म्हणावा. आणि पहिल्या वर्षापासूनच त्यात राहण्याची हॉटेले बांधलेली आहेत. येथे पाहुण्याने येऊन राहावे, हा मूळ योजनेतलाच इरादा होता.

त्या परगण्यात आज चार मोठी उद्याने आहेत आणि त्या चारांचे स्वभाव चार प्रकारचे आहेत, हे आधी समजले तर दिवसांची वाटणी करणे सोपे जाते. १९७१चे मॅजिक किंगडम हे राजवाड्याचे आणि परीकथांचे उद्यान. लहान मुलांना चालतील अशा राइड्स येथे सर्वांत जास्त, म्हणून दहा वर्षांखालची मुले बरोबर असली की याला एक पूर्ण दिवस द्यावाच लागतो, आणि दुसऱ्या दिवसाचा मोह झालाच तर तोही येथेच सार्थकी लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेले एप्कॉट हे चालण्याचे उद्यान. तेथे एका विस्तीर्ण तळ्याभोवती मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा राष्ट्रांची दालने मांडलेली असून, ती सर्व पाहत केवळ एक फेरी मारली तरी सुमारे दोन किलोमीटर चाल होते. १९८९चे हॉलिवूड स्टुडिओज हे आकाराने आटोपशीर, पण रांगा लांब. आणि २२ एप्रिल १९९८ रोजी उघडलेले ॲनिमल किंगडम हे सकाळचे उद्यान, कारण ऊन वाढले की प्राणी सावलीला जाऊन बसतात. एप्कॉटच्या अकरा राष्ट्रांत भारत नाही. मात्र ॲनिमल किंगडममध्ये 'आनंदपूर' नावाचे एक कल्पित गाव वसविलेले असून, तेथील पडक्या महालाच्या कमानींतून वाघ पाहताना माझी पत्नी बराच वेळ न बोलता उभी राहिली होती. याखेरीज ऑर्लँडोतच, परंतु निराळ्या मालकीची, युनिव्हर्सलची उद्याने आहेत: १९९०चे युनिव्हर्सल स्टुडिओज, १९९९चे आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर, २०१७चे जलोद्यान व्होल्केनो बे आणि मे २०२५मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स.

हिशेबाची पहिली चूक येथे होते. फाटके मोजली जातात आणि प्रत्येक फाटकाला एक दिवस दिला की आठ दिवस होतात. आमच्या जावयांचा कल संपूर्ण नऊ दिवसांकडे होता, त्याचे कारणही हेच होते. परंतु उद्यानातला एक दिवस हे काही ठरावीक माप नाही. रांगांचे शास्त्र सांगते की, एखाद्या रांगेत उभे असलेले लोक हे दर तासाला येणाऱ्या लोकांना प्रत्येकाच्या थांबण्याच्या वेळेने गुणले असता मिळणाऱ्या संख्येइतके असतात. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली हा नियम सिद्ध केला. व्यवहारात त्याचा अर्थ इतका सरळ आहे की, एखादी राइड ताशी बाराशे माणसे सामावून घेत असेल आणि तुमच्यापुढे अठराशे माणसे उभी असतील, तर तुम्हाला दीड तास थांबणे भागच आहे. मग तुम्ही कितीही दुरून आलेले असा. गर्दीच्या तारखेला अशा पाच रांगांत अख्खा दिवस संपतो, आणि विरळ तारखेला तेच काम दुपारच्या जेवणापूर्वी होते. म्हणून 'किती दिवस' हा प्रश्न 'कोणत्या तारखा' या प्रश्नाच्या आधी सोडवूच नये.

नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा, मार्च-एप्रिलमधील अमेरिकन शाळांची वसंतसुटी आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचे थँक्सगिव्हिंग हे गर्दीचे काळ होत. सप्टेंबर आणि जानेवारीचा उत्तरार्ध हे त्या मानाने मोकळे असतात. महाराष्ट्रातून दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्या कुटुंबांना ही जुळणी बरी पडते, कारण तोवर फ्लोरिडाचा उन्हाळा ओसरू लागलेला असतो आणि थँक्सगिव्हिंग अजून लांब असते. मात्र तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, एवढे ध्यानात ठेवून एखादा दिवस हाताशी राखावा. उन्हाळ्यात तर दुपारी तीन-चारच्या सुमारास विजांसह पाऊस येणे हा तेथला जवळजवळ नित्यक्रम असतो आणि तेवढा वेळ उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवाव्या लागतात. सकाळचे पहिले दोन तास मात्र कोणत्याही ऋतूत सोन्यासारखे असतात. ज्यांना रांग टाळावयाची आहे त्यांच्यासाठी 'लाइटनिंग लेन' नावाची सशुल्क सोय आहे. १९९९ साली सुरू झालेली फास्टपासची विनामूल्य पद्धत आता राहिलेली नाही; तेव्हा दिवस विकत घ्यावेत की वेग विकत घ्यावा, हाही अंदाजपत्रकातला एक स्वतंत्र रकाना झाला आहे. ज्यांची रजा थोडी, त्यांना वेग परवडतो. ज्यांच्याजवळ वेळ आहे, त्यांनी दिवस घ्यावेत. दोन्ही एकदम घेण्याची सहसा आवश्यकता नसते.

दुसरी चूक तिकिटाच्या रचनेतून संभवते. तेथे तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि जितके अधिक दिवस एकदम घ्यावेत, तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. त्यामुळे चौथ्या दिवसानंतरचा पाचवा आणि पाचव्यानंतरचा सहावा दिवस केवळ तिकिटाकडे पाहता फारच स्वस्त भासतो. परंतु त्या स्वस्त दिवसाला हॉटेलची एक रात्र, पाच-सहा माणसांचे तीन वेळचे खाणे, मोटारीचे भाडे आणि जावयांच्या रजेचा एक दिवस जोडलेला असतो. हे सर्व त्याच्या नावे मांडून मगच तो स्वस्त की महाग हे ठरवावे. जमाखर्च पुरा मांडला की बहुधा असे आढळते की, सर्वांत स्वस्त तिकिटाचा दिवसच सर्वांत थकलेल्या पायांनी काढलेला दिवस असतो. तीन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांना तिकीट लागत नाही आणि दहाव्या वर्षापासून प्रौढांचा दर लागतो, या दोन सीमा ओलांडण्याच्या बेतात ज्यांची मुले आहेत त्यांनी सहलीचे वर्षही विचारपूर्वक निवडावे. त्याच तिकिटात एक मोठी सवलतही आहे आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते: चार दिवसांचे तिकीट सर्वसाधारणपणे सात दिवसांच्या मुदतीत कोणत्याही चार दिवशी वापरण्याची मुभा असते. मधले तीन दिवस विसाव्यासाठी आहेत, असे त्या कागदानेच जणू सुचविलेले असते.

ही सूचना आम्ही वाचली नव्हती. आमचा बेत सहा रात्रींचा, पहिले चार दिवस ओळीने चार उद्याने आणि त्यानंतर एक दिवस युनिव्हर्सल, असा ठरला होता. पहिले दोन दिवस अपूर्व गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास एका रांगेत, फलकावर अजून पन्नास मिनिटांचा आकडा असताना, नातवाने माझ्या खांद्यावर कपाळ टेकले. समोरून त्याचे लाडके चित्रातले पात्र हात हलवीत गेले, आजूबाजूची मुले ओरडली, पण त्याने मान वर केली नाही. त्याची बोटे माझ्या सदऱ्याच्या कॉलरभोवती घट्ट वळलेली होती आणि मानेमागचा घाम थंड झाला होता. त्याला ताप नव्हता, काही दुखत नव्हते. त्याच्या अंगातले दिवस संपले होते, एवढेच. अशा उद्यानात सकाळपासून रात्रीपर्यंत दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. बाबागाडीत बसले तरी ऊन, आवाज आणि माणसांची दाटी ही मुलाला सोसावी लागतेच. त्यातून जे कुटुंब थेट भारतातून येते, त्याच्या घड्याळात ऋतूप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक पडलेला असतो, आणि उद्यानात दुपारचे चार वाजतात तेव्हा त्याचे शरीर मध्यरात्र उलटून गेल्याचे सांगत असते. अशा पाहुण्यांनी आधी तीन-चार दिवस नातलगांकडे काढून मगच पहिले तिकीट वापरावे.

त्या रात्री लेकीने कॅलेंडर मागितले नाही, तिने फक्त सांगितले, "उद्या कुठेही जायचं नाही." चौथ्या दिवशी सर्व जण नऊपर्यंत झोपले. दुपारी आम्ही तेथील मोनोरेलमध्ये जाऊन बसलो. तळ्याभोवती फिरणाऱ्या या गाडीला तिकीट पडत नाही, आणि वाटेतल्या एका हॉटेलाच्या तर ती पोटातूनच आरपार जाते. नातवाने काचेला नाक लावून ती गाडी इमारतीत शिरताना पाहिली, बाहेर पडताना पाहिली, आणि "परत" म्हणाला. आम्ही तीन फेऱ्या केल्या. टेबलाखाली आगगाडी चालविणाऱ्या मुलाने आपले मत दिले होते, फक्त ते तीन दिवस उशिरा विचारले गेले. पाचव्या दिवशी एप्कॉट पाहिले, तेही निम्मेच. युनिव्हर्सलचा बेत रद्द केला. आणि त्या निम्म्या दिवसात त्या मुलाने जेवढे पाहिले, तेवढे तिसऱ्या दिवशी बारा तासांत पाहिले नव्हते.

सहलीची लांबी आणि तिचे समाधान यांचा संबंध आपण मानतो तितका सरळ नाही, असे मनोविज्ञानही सांगते. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना थंडगार पाण्यात एकदा साठ सेकंद हात बुडवावयास सांगितले, आणि दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद व त्यापुढे आणखी तीस सेकंद, ज्यांत पाण्याचा गारवा किंचित कमी केला होता. पुन्हा कोणता प्रयोग पत्कराल असे विचारता बहुतेकांनी लांबचा पत्करला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. स्मृती कालावधी मोजीत नाही. ती उत्कट क्षण आणि अखेरचा क्षण जपून ठेवते. म्हणून मुक्कामाचा शेवटचा दिवस सर्वांत दमवणारा ठेवू नये. जे उद्यान सर्वांना प्रिय झाले असेल तेथे अर्धा दिवस पुन्हा जावे आणि प्रवासाला निघावे. नेदरलँड्समध्ये लांब सुटीवर गेलेल्या ५४ नोकरदारांच्या एका अभ्यासात त्यांचे स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वोच्च बिंदूला पोचल्याचे आढळले, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पूर्वपदावर आले. आठवडाभराची सुटी ही अपुरी सुटी आहे, अशी रुखरुख बाळगण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

या सर्वांवरून जे माप मला योग्य वाटते, ते असे. चार ते दहा वर्षांची मुले असलेल्या आणि प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने डिस्ने वर्ल्डला चार उद्यानदिवस, दुसऱ्या दिवसानंतर एक पूर्ण विसाव्याचा दिवस आणि येण्या-जाण्याचे दोन दिवस, अशा सात दिवसांची व सहा रात्रींची तजवीज करावी. युनिव्हर्सल त्यात कोंबू नये. सर्वांत लहान मूल चार वर्षांखालचे असेल तर उद्यानदिवस तीनच ठेवावेत आणि दुपारी हॉटेलवर परतून झोप घ्यावी. उंचीची अट असलेल्या राइड्ससाठी आईवडिलांपैकी एकाने मुलाजवळ थांबून, नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता पाळी घेण्याची सोय तेथे आहे, तिचा लाभ घ्यावा. मुले तेरा-चौदा वर्षांची असतील तर पाच उद्यानदिवस सुखाने पेलतात आणि त्यांतले दोन युनिव्हर्सलला द्यावेत. आजी-आजोबा बरोबर असल्यास दिवस कमी करण्यापेक्षा त्यांना अर्ध्या दिवसांची मोकळीक द्यावी. सकाळी त्यांनी सर्वांबरोबर यावे आणि दुपारी बसने परतावे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडला, तेथे २००१ साली दुसरे उद्यान जोडले गेल्यामुळे, दोन ते तीन दिवस लागतात. पॅरिसला दोन आणि हाँगकाँगला एक ते दोन दिवस पुरतात.

हे माप अखेर प्रत्येक घराने आपापले काढावयाचे आहे, आणि ते काढताना सर्वांत धट्ट्याकट्ट्या माणसाची उमेद हे परिमाण धरू नये. घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क असे दोघे जेवढे दिवस आनंदाने चालतील, तेवढाच त्या घराचा मुक्काम. त्यापुढचे दिवस बाकीच्यांनी त्यांच्याकडून ओढून घेतलेले असतात. यात काही पाहावयाचे राहून जाते, हे खरे आहे, आणि ते राहून जाणे मनाला लागते, हेही खरे आहे.

आमच्या नातीचे असेच एक राहिले. मॅजिक किंगडममधील स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलरकोस्टरसाठी ४४ इंच उंची लागते. प्रवेशापाशी मापाची पट्टी उभी असते. ती तेथे ताठ उभी राहिली, टाचा उचलल्या, आणि तेथल्या बाईंनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा टेकवल्या तेव्हा तिचे डोके पट्टीच्या बोटभर खाली राहिले. तिथल्या तिथे ती रडली नाही. बाहेर आल्यावर रडली. न्यू जर्सीला परतल्यावर स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिने स्वतः पट्टी लावून ४४ इंचांवर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्या खाली, आपल्या डोक्याच्या उंचीवर, दुसरी. जावयांनी त्या रात्री कॅलेंडर भिंतीवर परत टांगले. नऊ दिवसांचे ते लांबट वर्तुळ अजून पुसलेले नव्हते. पुढच्या सहलीची तारीख मात्र आता त्या कॅलेंडरावर ठरणार नाही. ती चौकटीवरच्या दोन रेघांमध्ये आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला, शाळेत जाण्यापूर्वी, नात तिथे टाचा टेकवून उभी राहते.